मागच्या भिंतीचं काकड

आमच्या घरामागच्या भिंतीपलीकडे काकडाचं एक झाड आहे. ते तिथे कसं आलं, हे इतकी वर्षं फक्त मला ठाऊक होतं. भिवंडीत, कामतघरच्या या भागात दुसरं काकड नाही. हे डोंगरातलं झाड. इथे कापड विणणाऱ्या लूमचे गाळे, चाळी, पत्र्याच्या शेड आणि मधून वाहणारं गटार, त्यात हे एकटंच उभं आहे. गेल्या वर्षी नातीने त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी तिला खोटं सांगितलं. ते खोटं एका जुन्या, मोठ्या खोट्याला झाकायला सांगितलेलं होतं. आता दोन्ही बाहेर आली आहेत. तरी ती नीट, क्रमाने कुठेतरी लिहिलेली असावीत असं वाटतं, कारण घरात हा किस्सा आता हसत सांगितला जातो आणि हसताना माझ्या वाट्याचं बरंच गाळलं जातं.

सुरुवात नातीच्या कांजिण्यांनी झाली. थंडी सरत आली होती. ती दहा वर्षांची, तिचा भाऊ सहाचा. तिला आल्या, मग चार दिवसांनी त्यालाही आल्या. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीवर जाणारी, त्यामुळे पोरं दिवसभर आम्हा म्हाताऱ्यांकडे. शाळा बंद, खाली खेळायला बंदी. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, कडुलिंबाचा पाला आणून अंथरुणावर पसरला आणि सांगितलं, खाजवायचं न्हाय. सहा वर्षांच्या पोराला खाजवायचं नाही म्हणणं म्हणजे काय, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. त्याचे हात कुठेतरी गुंतवायला हवे होते. म्हणून मी दोघांना मागच्या गॅलरीत आणून बसवलं.

ही गॅलरी आमच्याकडे कोणी वापरत नसे. पूर्वी खालच्या मजल्यावर आमचे चार लूम होते, वर आम्ही राहायचो. लूम विकून झाले, खालचा गाळा भाड्याने गेला. गॅलरीत जुनी बादली, मोडका पंखा असलं सामान पडून होतं. समोर शेजाऱ्याच्या शेडचा पत्रा, आणि पत्र्यावर वाकलेलं ते काकड.

पहिल्याच दिवशी एक पान उडत येऊन नातीच्या मांडीवर पडलं. पिवळं झालेलं, आणि वर मोठमोठे फोड. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि ओरडली, "आजोबा, झाडाला पण कांजिण्या आल्यात!"

नातू धावत आला. "ह्याला पण पाला लावा."

"झाडाला पाला लावतात का, येडा! त्याच्याकडे स्वतःचाच पाला आहे."

आतून हिचा आवाज आला. "काकड हाय ते. त्याच्या पानाला असंच व्हतं. फोडून बघ, आत किडा असंल."

नातीने सुईने एक फोड फोडला. आत खरंच बारीक किडे होते, साबुदाण्याच्या कणीहून लहान. नातवाने लगेच स्वतःच्या दंडावरच्या फोडाकडे संशयाने पाहिलं. त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. तुझ्या अंगात किडा नाही रे बाबा, देवाशप्पथ नाही.

ते सगळं निवळल्यावर नातीने विचारलं, "आजोबा, हे झाड लावलं कोणी?"

ही दारात उभी होती. ती वळून आत गेली. मी म्हणालो, "पक्ष्याने. बी टाकली असेल कुठून तरी."

नातीने जुन्या कॅलेंडरचं मागचं कोरं पान घेतलं, झाडाचं चित्र काढलं, फोडवालं पान चिकटवलं आणि खाली लिहिलं: काकड. पक्ष्याने लावले. ते पान गॅलरीच्या भिंतीला लावलं. आल्यागेल्याला ते दिसायचं. मला तर दिवसातून दहादा.

कांजिण्या गेल्या, खपल्या पडल्या, शाळा सुरू झाली, पण गॅलरी सुटली नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून दोघं तिथे. मोडका पंखा भंगारात गेला आणि त्या जागी चटई आली. मी इतकी वर्षं या भिंतींच्या आत राहिलो, पण इथे इतकं काही राहतं हे मला माहीत नव्हतं. माझे कान लूमच्या खडखडाटाने अर्धे गेलेले. नातू माझ्या कानाशी येऊन सांगायचा, "आता तो टुकटुक करतोय." तो म्हणजे तांबट. काकडाच्या वाळक्या फांदीला भोक पाडून आत राहत होता. त्याचं ते एका लयीतलं टुक टुक ऐकून नातवाने त्याचं नाव 'छोटा लूम' ठेवलं. "हा लाईट गेली तरी चालतो," तो म्हणाला.

खारीने घर बांधलं ते तर बघण्यासारखं होतं. बाजूच्या गाळ्यातून सुताचा गुंता बाहेर फेकतात. गुलाबी, पिवळा, हिरवा. खार तो तोंडात धरून पत्र्यावरून पळायची, मागे दोऱ्याची शेपटी. फांदीच्या बेचक्यात तिने असा रंगीबेरंगी गोळा केला की लांबून वाटावं, कोणाची साडी अडकलीय. नात म्हणाली, "भिवंडीची खार आहे. बिनकापडाची कशी राहील?" इवल्याशा शिंजिर पक्ष्याने आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला घरटं टांगलं, त्यातही सूत होतं. सूनबाईने महिनाभर त्या दोरीवर कपडे घातले नाहीत. सगळं भिंतीवर लागत गेलं, पान, पीस, सुताचा तुकडा, पालीचं चित्र. त्या पालीला पाच पाय होते. नातू म्हणाला तो पाय नाही, जीभ आहे.

ही आधी गॅलरीत यायची नाही. मग दारात बसून भाजी निवडू लागली. मग चटईवर. तिचं माहेर गणेशपुरीच्या अलीकडचं, डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी रानात फिरलेली. गटाराच्या कडेला उगवलेल्या कशाकशाला ती नावं सांगायची. हा टाकळा, याची कोवळी भाजी होते, हा आघाडा, ही कुर्डू. मुलं तिला पानं आणून दाखवायची आणि ती वास घेऊन सांगायची. पण काकडाला फुलं आली, हळदीसारख्या पिवळ्या झुपक्यांवर मधमाशा घोंगावू लागल्या, तेव्हा मुलं नाचली आणि ही मात्र मान खाली घालून पालेभाजी निवडत राहिली. ती का बघत नाही, हे मला माहीत होतं.

आता ते सांगतो.

आमचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. मुलगा रांगत होता. माझी थोरली बहीण जवळच्याच वळ गावात दिलेली. ती, मेहुणे आणि तिचे सासू-सासरे असे पहिल्यांदाच आमच्या नव्या घरी जेवायला यायचे होते. दिवस पावसाळ्याच्या तोंडाचे, शेवळांचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शेवळं म्हणजे त्या दिवसांत रानात जमिनीतून वर येणारे जांभळट तपकिरी कोंब. त्यांची भाजी आमच्याकडे जीव टाकून खातात. पण ती नीट साफ केली नाही आणि तिच्यात काकडाच्या आंबट फळांचा रस घातला नाही, तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून शेवळं आणि काकडं जोडीनेच येतात. हिच्या हातची शेवळं म्हणजे गावात नाव होतं. त्या वर्षी काकडं तिच्या आईने मुद्दाम निवडून एसटीने पाठवली होती. हंगाम सरत आलेला, काही पिवळी पडलेली, पण उत्तम आंबट.

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. लूम बंद, म्हणून मी घरात मदतीला. हिने शेवळं चिरून, सुक्या कोळंबीचे सोडे घालून टोप चुलीवर चढवला आणि पोराला अंघोळ घालायला गेली. जाताना म्हणाली, "काकडं ठेचून रस काढा आन् टोपात घाला. इसरू नका."

मी पाटा पुढ्यात ओढला आणि लाईट आली.

लूमवाल्यांच्या घरात लाईट आली म्हणजे काय होतं, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. जेवणारा ताटावरून उठतो, दाढी करणारा अर्ध्या गालाने धावतो. कारण ती परत कधी जाईल याचा नेम नसतो. सगळी गल्ली एकदम खडखडायला लागली. मीही जिना उतरून पळालो. चारी लूम लावले, एकाच्या ताण्याचे उभे धागे तुटले, ते जोडत बसलो. मधे जिन्यावरून हिने विचारलं, रस घातला का. मी होकाराची मान हलवली. वाटलं, एवढं जोडतो आणि वर जाऊन घालतो. तोवर पाहुणे दारात आले, आणि मी हात पुसून त्यांच्यात जाऊन बसलो. माझ्या डोक्यातून काकडं पार गेली.

बहिणीचे सासरे पहिल्या पंगतीला. दोनतीन घास खाल्ले आणि खाकरू लागले. मग मेहुणे. मग सगळेच. कोणी गूळ मागतंय, कोणी तूप, म्हातारबुवांनी बोट घशात घालायचं तेवढं बाकी. बहीण मोठ्याने म्हणाली, "वयनी, काकडं घातली का न्हाय?"

हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. "घातली ना वो?"

तेव्हा एक शब्द बोललो असतो, विसरलो म्हणून, तर सगळे हसले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण समोर बहिणीचे सासरे, नवं घर, चार लूमचा मालक मी. मी म्हणालो, "घातली की. तुझ्या माहेरच्या काकडांना आंबटपणाच नाही, त्याला मी काय करणार?"

मग मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पाट्यामागे काकडांचं भांडं झाकण घातलेलं, भरलेलं तसंच होतं. ते उचललं आणि गॅलरीतून मागच्या भिंतीपलीकडे रिकामं केलं.

हिने रिकामं भांडं पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. वळच्या लोकांनी तो किस्सा आवडीने जपला. 'गणेशपुरीची काकडं' हा आमच्या सोयऱ्यांत कशालाही लावायचा शब्द झाला. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, गणेशपुरीची दिसते. हिने त्यानंतर शेवळं केली नाहीत. दर वर्षी बहीण वळहून शिजवलेल्या भाजीचा डबा पाठवते, वर एक टोमणा, आणि ही तो डबा मुकाट्याने वाढते. आणि सासूबाई. त्या एकदा आल्या असताना मला हळूच म्हणाल्या, "जावयबापू, आमची काकडं वाईट निगाली म्हनं. मी तं चाखून पाठवली व्हती." मी म्हणालो, "जाऊ द्या हो." त्यानंतर त्यांनी काकडं पाठवली नाहीत. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

भिंतीपलीकडे रोप वर आलं तेव्हा मी ओळखलं नाही. ओळखलं तोवर ते भिंतीच्या वर गेलं होतं. एकदा ते तोडायला माणूस बोलावला होता, आणि तो कुऱ्हाड घेऊन आल्यावर त्याला चहा पाजून परत पाठवला. ही पण झाड ओळखून होती, पण ते कुठून आलं हे तिला कसं कळणार? दर वर्षी त्याची फळं पत्र्यावर टपटपत राहिली. तिने एकालाही हात लावला नाही.

गेल्या मे महिन्यात फळं धरली, हिरवी, द्राक्षाएवढी. नात गच्चीवर जाऊन चारी दिशांना पाहून आली होती. शेजारच्या शेडवाल्या भैयाला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, सगळ्यांना विचारून झालं होतं. ती माझ्यासमोर बसली. "आजोबा, पक्षी कुठून आणेल बी? इथे दुसरं काकड कुठेच नाही. भैया पण बोलला, ऐसा पेड़ इधर कहीं नहीं देखा. तांबट एवढ्या लांब नसेल जात."

"वटवाघूळ असेल," मी म्हणालो.

"पण तुम्ही पक्षी बोलला होता."

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. सूनबाईने स्पीकर लावला. "शेवलां आलीत गं बाजारात," बहीण म्हणाली. "डबा पाठवते. का यंदा गणेशपुरीची काकडं घालून तुमीच करता?" आणि हसली.

फोन ठेवल्यावर नात हिला म्हणाली, "आजी, आपल्याकडे तर काकडं आहेत. आपणच करू ना."

ही शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याला न्हाय जमत ते, बाय."

ज्या बाईला डोळे मिटून पानाच्या वासावरून झाड सांगता येतं, तिने आपल्या नातीला हे सांगावं. आणि नातीने ते खरं मानावं. ती उठून भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने 'पक्ष्याने' पुढे प्रश्नचिन्ह काढत होती. मी म्हणालो, "ती ओळच खोडून टाक. पक्ष्याने नाही लावलं. मी लावलं."

मग सगळं सांगितलं. लाईट, पाटा, हलवलेली मान, भांडं. मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. ही शेंगा निवडायची थांबली होती. नातवाने विचारलं, "म्हणजे सगळ्यांचे घसे तुम्ही खाजवले?"

कोणी हसलं नाही. ही उठली, गॅलरीच्या कठड्याशी गेली आणि झाडाकडे पाहत राहिली. मी तिला त्या झाडाकडे असं सरळ पाहताना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "म्हंजे ही आईची काकडं हायत."

मी हो म्हणालो.

"आई गेली तवा तरी सांगायचं व्हतं." एवढंच. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा मिळाला, जेवण मिळालं, पण नातवाच्या हातून. ते रास्तच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे फोन ठेवला. "वन्संना लावा. सगळं सांगा. आईचं नाव घेऊन सांगा."

मी लावला. सांगितलं. मग बहीण म्हणाली, "मेल्या, माझा सासरा मरेपर्यंत माझ्या वयनीला नावं ठेवत व्हता!" आणि मग, "रविवारी येते. शेवलां मी आणते. काकडं तुमच्याकडची."

रविवारी मी गॅलरीतून आकडीने फांद्या ओढल्या. नात फळं खुडून परडीत टाकत होती. खालून भैया ओरडला, "चाचा, पत्रे पे मत चढना!" खार सुताच्या घरातून डोकं काढून आमच्यावर चिडत होती. नात मधेच थांबून म्हणाली, "तांबटासाठी वरची ठेवायची." वरची ठेवली.

पाटा माळ्यावरून काढला. हिने शेवळं साफ केली, वरची पानं आणि आतला पिवळा भाग काढून टाकला, मुलांना दाखवत, याने घसा खाजतो म्हणून. टोप गॅसवर चढवला आणि मला म्हणाली, "बसा. ठेचा." मी बसलो. मुलं दोन्ही बाजूंना. बहीण स्टुलावर, पदर खोचून, न्यायाधीशासारखी. मी ठेचली, पिळली, रस वाटीत काढला. तेवढ्यात लाईट गेली. बाजूचे गाळे गप्प झाले. नातू म्हणाला, "आजोबा, आता येईल तेव्हा पळू नका हं."

लाईट आली तेव्हा मी वाटी टोपात रिकामी करत होतो. ही माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने नजर काढली नाही. मग वाटी माझ्या हातातून घेतली, पाण्याने विसळली आणि ते पाणीही टोपात ओतलं.

जेवायला बहिणीला पहिली वाढली. तिने घास घेतला, चावला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे पाहत होतो. ही अगदी साधेपणाने म्हणाली, "खाजतंय का वो, वन्सं?"

बहिणीने दुसरा घास घेतला, मग तिसरा. "न्हाय गं," ती म्हणाली. "गणेशपुरीची हायत ना."

ही हसली. मग माझ्याकडे ताट सरकवलं आणि भाजी वाढली, सगळ्यांच्या नंतर, टोपाच्या तळाची, पण भरपूर. नातीने जेवण होताच उठून कागदावरची जुनी ओळ खोडली. आजीला विचारून विचारून तिने नवी लिहिली. मी चष्मा लावून वाचली. काकड. आजीच्या आईने पाठवले.

माझं नाव तिथे नाही. तेच बरोबर आहे.